शेवटच्या बाकावर उरलेला पेला

श्री. शांतवन खंडारे यांची आणि माझी पहिली ओळख मी नऊ वर्षांची असताना शब्बाथशाळेत झाली. रविवारी मोठ्यांची उपासना सुरू होण्याआधी आम्हा मुलांचा एक तास असे आणि तो काका घेत. त्या वेळी ते रेल्वेत सिग्नल मेंटेनर होते, दुर्गच्या लाइनवर त्यांची ड्यूटी असे. त्या दिवशी त्यांनी कामातून काढलेला एक जुना हातदिवा वर्गात आणला होता. मूठ फिरवली की काच बदलायची: लाल, हिरवी, पांढरी. आम्ही अकरा मुले होतो. प्रत्येकाला तो एकदा फिरवायला मिळाला. एका मुलाला तीनदा मिळाला, कारण त्याला हिरवी काच सापडत नव्हती. मी पहिल्याच वेळी तिन्ही रंग बरोबर दाखवले. काका म्हणाले, "हिले समजलं. दे पुढं."

तो दिवा मला आणखी एकदा हवा होता. मी तसे बोलले नाही. समजले म्हणून दिवा हातातून जातो, हे मला तेव्हा अन्यायाचे वाटले आणि आजही थोडे वाटते.

काकांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात अनेकांनी लिहिले असेल की त्यांच्या वाईट दिवसांत काका त्यांच्या घरी आले, बसले, प्रार्थना केली. ते सर्व खरे आहे. मी ते सगळे लेख वाचणार आहे आणि काका कोणाकडे किती वेळा गेले, तेही मोजणार आहे. ही माझी जुनी सवय आहे. पुढे जे लिहिणार आहे ते या सवयीशिवाय नीट सांगता येणार नाही, म्हणून आधीच नमूद करते.

भिलाईतली आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहान आहे. कोणाचे आजोबा रेल्वेत होते, कोणाचे कारखान्यात. बहुतेक नागपूर-वर्ध्याकडून आलेले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. उपासनेसाठी आमची स्वतःची इमारत नाही. हिंदी मंडळीची उपासना संपली की त्यांच्याच हॉलमध्ये साडेदहाला आमची सुरू होते. काका तीस वर्षांहून अधिक काळ या मंडळीचे वडील, म्हणजे तिची व्यवस्था पाहणारे ज्येष्ठ, आहेत. त्यांनी कधी उपदेश केलेला मला आठवत नाही. किल्ली, सतरंज्या, पंखे आणि पेले ही त्यांची कामे.

पेल्यांविषयी थोडे सविस्तर सांगावे लागेल. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असते. भाकरीचा तुकडा आणि काचेच्या छोट्या पेल्यात दोन घोट द्राक्षरस. रस काकांच्या पत्नी मार्थाकाकू घरी करतात. द्राक्षे नसतील त्या महिन्यांत मनुका उकळून. दुसरे गीत चालू असताना काका बाजूच्या दारातून माणसे मोजतात, आकडा कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहितात आणि तितकेच पेले भरतात. मग लाकडी तबक बाकाबाकावरून फिरते आणि शेवटी मागच्या दाराजवळच्या टेबलावर येते. पेला जास्त झाला तर तो रस बाटलीत परत ओतायचा नाही, टाकायचाही नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. उपासना संपल्यावर वडिलांनी तो प्यायचा असतो. म्हणून मोजणी बरोबर हवी. "हे मानसं मोजतात जसे मालगाडीचे डब्बे," असे काकू म्हणतात. काकांना ते आवडते.

त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट जुन्या लोकांना ठाऊक आहे. काकांना एक मुलगी होती. ती अकरा महिन्यांची असताना तापाने गेली. त्यानंतर जवळजवळ वर्षभर काकांना प्रार्थना करता आली नाही. डोळे मिटले की काहीच येत नसे. त्या वेळच्या पाळकांनी त्यांना समजावले नाही की रागावले नाहीत. शनिवारी हॉल झाडायला माणूस नाही, एवढेच सांगितले. काका दर शनिवारी येऊन हॉल झाडू लागले. पुढे पेले आले. "प्रार्थना होत नव्हती, झाडू होत होता," असे काका म्हणतात. "देवाशी बोलणं बंद होतं. पण त्याच्या घरी जाणं बंद केलं नाही." कधीतरी, झाडता झाडता, बोलणे परत सुरू झाले. नेमके केव्हा ते त्यांनाही सांगता येत नाही. हाताने करायचे एखादे काम देवाच्या घरी धरून ठेवावे, बाकीचे त्याच्यावर सोडावे, इतकाच त्यांचा विश्वासाचा सिद्धान्त आहे. धीर खचलेल्या कोणालाही त्यांनी "सगळं ठीक होईल" असे सांगितलेले मी ऐकले नाही. "मले मालूम नाही," असेच ते म्हणतात, आणि बसून राहतात.

ही गोष्ट काकांनी मला सांगितली नाही. त्यांनी ती एस्तेरला सांगितली आणि मला एस्तेरकडून कळली.

आमच्याच मंडळीतली एस्तेर कॅम्प-१ वस्तीत आईबरोबर राहते. नर्सिंगचा कोर्स झाल्यावर तिला नोकरी मिळत नव्हती, मिळाली ती दोन महिन्यांत सुटली. तिने घराबाहेर पडणे बंद केले. हे दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातले. त्याच उन्हाळ्यात मी माझ्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाले. माझे काम असे: लोखंडाच्या जोडात ध्वनिलहरी सोडायच्या आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून आत कुठे चीर आहे ते शोधायचे. वरून पाहून काही कळत नाही. त्याचे प्रमाणपत्र नसेल तर मला दुसऱ्याच्या सहीखाली काम करावे लागते. प्रात्यक्षिकात मी चीर शोधली, पण ती किती खोल आहे ते सांगताना चुकले. दोन्ही वेळा खोलीच चुकले. माझ्याहून दोन वर्षांनी लहान मुलगा पास झाला आणि माझ्या अहवालांवर सही करू लागला.

त्या दिवसांत माझी प्रार्थना थांबली. मी हे कोणाला सांगितले नाही. सेक्टर १० च्या आमच्या क्वार्टरमध्ये आई रोज संध्याकाळी प्रार्थना करते, मी शेजारी बसत असे आणि शेवटी आमेन म्हणत असे. रविवारी उपासनेलाही जात होते, कारण हॉलचा अ‍ॅम्प्लिफायर चालवण्याचे काम माझ्याकडे आहे. माझी जागा शेवटच्या बाकावर, अ‍ॅम्प्लिफायरजवळ, एकटीची.

काकांना निकाल कळला तेव्हा ते म्हणाले, "झालं तं झालं. परत दे." चार शब्द, असे मी तेव्हा मोजले होते. ते मोजणेही चुकले होते, शब्द पाच होते, हे नंतर लक्षात आले. त्यानंतर काका दर मंगळवारी संध्याकाळी स्कूटरवरून एस्तेरकडे जाऊ लागले. भिलाई-३ मधल्या त्यांच्या घरून कॅम्प-१ ला जाताना ते सेक्टर १० कडे वळले असते तर फार लांब पडले नसते. रविवारी हॉलच्या पायरीवर एस्तेर मला सांगायची, काका हे म्हणाले, काकांनी ते सांगितले, काका आज डोक्यावर हात ठेवून किती वेळ बसले. नऊ मंगळवार झाले. दहाव्या आठवड्यात ती उपासनेला सर्वांच्या आधी आली आणि सतरंज्या घालू लागली. तिचा चेहरा बदलला होता. मंडळीने देवाचे आभार मानले. मी अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज कमी-जास्त केला.

मला एस्तेरचे ते बरे होणे सहन होत नव्हते. याहून सौम्य शब्द लिहिता आला असता, पण तो अचूक झाला नसता.

प्रभुभोजनाच्या आधी आमचे पाळक दर वेळी एक गोष्ट सांगतात: कोणाच्या मनात कोणाविरुद्ध काही असेल तर आधी ते मिटवा, मग हात पुढे करा. बहुतेक लोक हे गीतासारखे ऐकतात. जुलैच्या पहिल्या रविवारी मी ते ऐकले आणि मला वाटले, माझ्या मनात आहे. मिटवायची तयारी नाही. मग घेणे खोटे ठरेल. तबक माझ्याकडे आले तेव्हा त्यात एक पेला होता. मी तबक तसेच टेबलावर ठेवले. कोणी मागे वळून पाहिले नाही. ऑगस्टमध्ये तेच, सप्टेंबरमध्ये तेच, ऑक्टोबरमध्ये तेच. मला ते प्रामाणिकपणाचे वाटत होते. तो उरलेला पेला शेवटी कोण पितो, याचा मी विचार केला नव्हता, रीत माहीत असूनही.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी दुपारी मी अ‍ॅम्प्लिफायरची एक वायर जोडायला हॉलमध्ये गेले. काका आणि मार्थाकाकू आधीच तिथे होते. काकू रसाची बाटली घेऊन बाकावर बसल्या होत्या. काका कपाट उघडे टाकून आतल्या पेन्सिलीच्या आकड्यांकडे पाहत उभे होते.

"रूथ, तुझं कामच मोजायचं हाय," काका म्हणाले. "उद्या येक कर. दुसऱ्या गाण्याले तू बी मोज, मी बी मोजतो. मंग दोघाईचे आकडे पाहू."

"काय झालं, काका?"

"माझी मोजणी चुकून राहिली. चार महिने झाले. दरवेळी येक पेला जास्त."

काकू म्हणाल्या, "मी म्हणते, उरला तं उरला. पण यांले रविवारी जेवण जात नाही. डोळ्याच्या डॉक्टरले दाखवलं. तो म्हणे डोळे येकदम ठीक. आता हे म्हणतात, मंग डोकं गेलं असन."

"मजाक नको करू."

"मी कुठं मजाक करून राहिली? तुमीच तं रात्रंदिवस बोटं मोजून राहिले."

काका माझ्याकडे वळले. "इतकी वर्षं सिग्नल पाहिले. आता तीस-बत्तीस डोकी मोजता येत नाहीत. देवाच्या टेबलावर चूक नको. मी पाळकांले सांगितलं, किल्ली बी देतो, पेले बी देतो. पुढच्या महिन्यापासून एस्तेर करन. उद्या तिले सगळं दाखवून देतो."

त्यांचा आवाज नेहमीचाच होता. हात मात्र कपाटाच्या दारावर होता आणि ते दार त्यांनी सोडले नाही. मुलगी गेल्यावर ज्या माणसाने देवाला या हॉलच्या कामातून धरून ठेवले होते, त्याच्या हातातून ते काम मी काढून घेत होते, महिन्याला एक पेला या हिशेबाने. आणि ते एस्तेरला मिळणार होते.

मी सोल्डरिंग गन खाली ठेवली. "काका, तुमची मोजणी बरोबर आहे."

"तुले कसं मालूम?"

"उरलेला पेला माझा असतो. मी घेत नाही."

काकूंनी बाटली मांडीवरून खाली ठेवली. काकांनी विचारले, "तब्येत ठीक नव्हती का?"

"ठीक होती."

"मंग कावून?"

मी हे उत्तर कधी कोणाला देईन असे मला वाटले नव्हते. "तुम्ही एस्तेरकडे नऊ मंगळवार गेलात. आमच्याकडे एकदाही आला नाहीत. मीपण तेव्हाच नापास झाले होते."

बोलल्यावर ते फार लहान वाटले. अकरा मुलांतल्या एकीने दिवा परत मागितल्यासारखे.

"घ्या," काकू म्हणाल्या. "मी सांगत होती न, त्या पोट्टीचं तोंड बंद हाय, कान नाही."

काका बाकावर बसले. मग म्हणाले, "म्हणजे चार महिने मी तुझा पेला पिऊन राहिलो."

"हो."

"लाइनवर मी दिवा पेटला दिसला म्हणून कधी वहीत ओके लिहिलं नाही. गाडी पास होईपर्यंत उभा राहत होतो, पाऊस असो का ऊन. तुह्या बाबतीत लांबूनच ओके लिहून टाकलं. हिले समजते, हिले काही लागत नाही. चूक माझी हाय, बाई."

"माझीपण आहे, काका."

"तुझी तं हायच. ते तू पाहून घे."

मला वाटले, आता ते माझ्या डोक्यावर हात ठेवतील. एस्तेरच्या डोक्यावर ठेवला होता तसा. काका उठले, कपाटातून पेल्यांची पेटी काढली आणि धुतलेला पंचा माझ्या हातात दिला. "पुसून दे. काचेले बोट लागलं नाही पाहिजे."

पेटीत चाळीस पेले आहेत. मी ते सगळे पुसले. सुरुवातीला मला पुन्हा वाईट वाटले, की एस्तेरला हात आणि मला पंचा. मग काचेवर डाग राहू नये याकडे लक्ष गेले. विसाव्या-बाविसाव्या पेल्याच्या आसपास माझ्या लक्षात आले की मी मनात देवाशी बोलत आहे. काही मागत नव्हते. काच उजेडाकडे धरून, ठीक आहे ना, असे विचारत होते. त्या उन्हाळ्यानंतरचे ते पहिले वाक्य. ते कसे सुरू झाले हे मला मोजता आले नाही. काकांनाही त्यांचे आले नव्हते.

एक गोष्ट इथे लिहिलीच पाहिजे. काकांनी एस्तेरऐवजी दुसऱ्या कोणाचे नाव घेतले असते तर मी त्याच क्षणी खरे बोलले असते का, याचा मी दोन वर्षे विचार करत आहे. मला माहीत नाही. काकांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "खरं तं बोलली न? देव त्यातलं त्याले पाहिजे तेवढं घेते, बाकीचं धुऊन टाकते."

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गीताला आम्ही दोघांनी मोजले. दोघांचे तेहेतीस आले. तबक शेवटच्या बाकावर पोचले. मी माझा पेला घेतला आणि रिकामे तबक टेबलावर ठेवले. उपासनेनंतर काका मागे आले, तबकाकडे पाहिले आणि छातीच्या उंचीवर हात आडवा धरून हलवला, जसा स्टेशनवरचा माणूस जाणाऱ्या गाडीला सगळे ठीक असल्याचा इशारा देतो. पेले त्यांच्याकडेच राहिले. धुवायला एस्तेर, पुसायला मी.

एस्तेरलाही मी सांगितले, कारण मिटवायचे तिच्याशी होते. ती नळाखाली पेले धरून हसू लागली. "ताई, तुला काय वाटलं, काका नऊ मंगळवार माझंच ऐकत होते? अर्धा टाइम तर तुझंच चालायचं. म्हणायचे, रूथ पाहा, दोनदा नापास झाली, तरी अ‍ॅम्प्लिफायर येक दिवस बंद नाही ठेवला. माझी आई म्हणे, उस लड़की से कुछ सीख. मला तुझा इतका राग यायचा ना, सच बताऊँ, तू समोर दिसलीस की मी मुद्दाम सांगायची, काका हे बोलले, ते बोलले."

"मुद्दाम?"

"मग काय. तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसेल म्हणून. पण तू तर मशीनचं बटनच फिरवत बसायचीस."

आम्ही दोघी तेव्हापासून मैत्रिणी झालो असे लिहिणे जास्त होईल. आम्ही महिन्यातून एकदा एका नळावर उभ्या राहतो आणि बोलतो.

त्या रविवारनंतरच्या मंगळवारी संध्याकाळी काका आमच्या क्वार्टरवर आले. आईला काहीच माहीत नव्हते, ती गडबडली. काकांनी चहा घेतला, आईशी सोसायटीच्या पाण्याविषयी बोलले, आमची बंद पडलेली दारावरची घंटा उघडून तिची तार बदलली, आणि ती वाजेपर्यंत दारात उभे राहिले. निघताना मला म्हणाले, "पुढच्या मंगळवारी येऊ का?" मी म्हणाले, "या." असे ते तीनदा आले. तिसऱ्या वेळी, उठण्याआधी, त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. दोन वाक्यांची होती. हात त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला होता. माझे तीन आणि एस्तेरचे नऊ, हे अजूनही माझ्या डोक्यात आहे, पण आता मी ते काकांना तोंडावर सांगू शकते आणि ते म्हणतात, "तुह्या घराचा चहा बी तीन मंगळवारचाच होता."

तिसऱ्या खेपेला मी परीक्षा पास झाले. खोली बरोबर आली. याचे श्रेय मी प्रार्थनेला देत नाही आणि काकाही देत नाहीत. मी जास्त सराव केला होता. माझ्याजवळ जे नवे आले ते वेगळे आहे. त्यानंतरही कोरडे आठवडे आले, येतात. अशा शनिवारी मी हॉलवर जाते. काका झाडत असतात, आता मध्ये मध्ये बसून. मी दुसरा झाडू घेते. आम्ही फारसे बोलत नाही. त्या माणसाच्या विश्वासाचा मला हेवा वाटतो, आणि तो लपवण्याचे कारण आता उरलेले नाही. माझा कधी तितका होईल का, माहीत नाही. पण तो कुठे ठेवलेला असतो ते मी पाहिले आहे. किल्ली, सतरंजी, कपाटाच्या दारावरचा पेन्सिलीचा आकडा.

श्री. शांतवन खंडारे यांना परमेश्वराने भरपूर आयुष्य द्यावे, गुडघे मजबूत ठेवावेत आणि डोळे डॉक्टर म्हणतात तसेच राहू द्यावेत. मार्थाकाकूंच्या हातचा रस त्यांना पुढची कितीतरी वर्षे भरायला मिळावा. या ग्रंथाच्या प्रकाशनाच्या दिवशी घरोघरचे लोक येतील, प्रत्येक जण म्हणेल की काका आमचे आहेत, आणि मी मागे बसून ते ऐकेन. मला ते आवडणार नाही.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी काका नेहमीप्रमाणे बाजूच्या दारातून मोजतील. त्यांना एवढीच विनंती की शेवटचा बाक धरून मोजावे. मी तिथे आहे, आणि माझा पेला मी घेणार आहे.